आलुबुखार, डॅम्सन, प्लूओट : प्लमच्या भावकीचा गुंता

माळरान

पाककृती विभागात परवा एका ताईंनी विचारलं होतं, की विलायती जॅमच्या कृतीत 'डॅम्सन' (युरोपातला लहान, तुरट प्लम) लिहिलंय, त्याऐवजी फळवाल्याकडचे लाल प्लम चालतील का. खाली चार जणांनी लगेच लिहिलं, "प्लम म्हणजे प्लम, घाला बिनधास्त." जॅम होईल, वाद नाही. पण ही दोन फळं एका जातीची नाहीत. एकाच्या पेशीत दुसऱ्याच्या तिप्पट गुणसूत्रं असतात, आणि एकाचा पराग दुसऱ्याच्या फुलावर टाकला तर बहुतेक वेळा हाती काही लागत नाही. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा.

आधी मोठं घर बघू. प्लम, जरदाळू, पीच, बदाम, चेरी हे सगळे गुलाबाच्या कुलातल्या प्रूनस या एकाच प्रजातीत येतात. (विश्वकोशाच्या पद्धतीने कुलाखाली प्रजाती आणि प्रजातीखाली जाती, असा क्रम मी धरलाय.) हे एकत्र कुटुंब सगळ्यांना मान्य होतं असं मात्र नाही. फ्रेंच वनस्पतिज्ञ तूर्नफोरने १७०० साली या पाचांच्या वेगळ्या चुली मांडल्या होत्या. लिनेयसने १७५३ मध्ये बदाम आणि पीच एका प्रजातीत, तर प्लम, जरदाळू आणि चेरी दुसरीत अशी वाटणी केली. पुढे सगळ्यांना प्रूनसमध्येच घेऊन आत उपप्रजाती पाडायची पद्धत रुळली. आल्फ्रेड रेडरची १९४० ची पाच उपप्रजातींची मांडणी बागायतीच्या पुस्तकांत अजून भेटते. २०१३ मध्ये डीएनएच्या आधारे त्या पाचाच्या तीन झाल्या : प्लम, जरदाळू, पीच आणि बदाम एकीकडे, खऱ्या चेरी दुसरीकडे, आणि फुलांचा लांब घोस येणाऱ्या बर्ड चेरी व लॉरेल तिसरीकडे.

पानाफुलांवरून प्लम ओळखायच्या खुणा त्याआधीपासून ठरलेल्या आहेत. फळावर एका बाजूने उभी खाच, साल गुळगुळीत, वर बोटाने पुसली जाणारी मेणाची पांढुरकी भुकटी. फांदीच्या अगदी टोकाला डोळा (अंकुर) नसतो. पानाच्या बेचक्यात एकच डोळा असतो, पीचला तिथे बऱ्याचदा तीन दिसतात. डोळ्यातलं कोवळं पान बहुतेक प्लममध्ये गुंडाळलेलं असतं, चेरीत मधोमध दुमडलेलं.

या खुणांनी प्लम ओळखता येतो. पण कोणाचं कोणाशी जमतं हे त्यावरून कळत नाही, त्यासाठी गुणसूत्रं मोजावी लागतात, आणि माझ्या मते या विषयातली खरी गंमत तिथेच आहे. प्रूनसचा पायाचा आकडा ८, म्हणजे एका संचात ८ गुणसूत्रं. ज्याला 'जपानी प्लम' म्हणतात तो प्रूनस सालिसिना मुळात चीनचा, त्याची गुणसूत्रं १६. कॉकेशस आणि पश्चिम आशियात रानटी वाढणारा चेरी प्लम, म्हणजे प्रूनस सेरासिफेरा, त्याचीही १६. युरोपभर कुंपणांत माजणारा काटेरी ब्लॅकथॉर्न, प्रूनस स्पिनोसा, ज्याच्या तुरट फळांना स्लो म्हणतात, त्याची ३२. आणि युरोपियन प्लम, प्रूनस डोमेस्टिका, ४८. डॅम्सनचीही ४८.

हिमाचलातून उन्हाळ्याच्या अखेरीस आपल्याकडे येणारा गडद लाल सांता रोझा हा १६ वाल्या गटातला. सुकवून प्रून म्हणून पाकिटातून येतो तो ४८ वाला.

आता ४८ आले कुठून? युरोपियन प्लमचा खात्रीचा रानटी पूर्वज कुठल्याच जंगलात सापडलेला नाही. जिथे रानात दिसतो तिथे तो बागेतून पळालेला असतो. क्रेन आणि लॉरेन्स या इंग्रज संशोधकांनी १९३० च्या दशकात हिशोब मांडला : पालकाकडून निम्मीच गुणसूत्रं येतात, म्हणून ब्लॅकथॉर्नच्या परागातून किंवा बीजांडातून १६, चेरी प्लमकडून ८, मिळून २४. असं झाड वांझ राहणार, कारण तीन संचांच्या जोड्या लागत नाहीत. पण तोच संच कधी दुप्पट झाला तर ४८, आणि जोड्या नीट लागतात. १९३६ मध्ये रशियन संशोधक रिबिनने प्रत्यक्ष या दोघांचा संकर केला. त्यातून ४८ गुणसूत्रांचं झाड मिळालं आणि ते युरोपियन प्लमसारखं दिसत होतं. पाठ्यपुस्तकात प्रकरण तिथेच मिटलं. प्रत्यक्षात मिटलेलं नाही, पण ते खाली चर्चेत.

~~~

चिंचपेटी

मस्त लेख! वाचनखूण साठवली. एक बाळबोध शंका : जांभळाला इंग्रजीत जावा प्लम म्हणतात आणि बोराला इंडियन प्लम. ते या भावकीत येतात का?

~~~

माळरान

नाही हो चिंचपेटी, ते सोयरेसुद्धा नाहीत. जांभूळ लवंग आणि पेरूच्या मिर्टेसी कुलातलं, बोर ऱ्हॅम्नेसी कुलातलं. आत कोय, बाहेर आंबटगोड गर दिसला की साहेब त्याला प्लम म्हणून मोकळा व्हायचा. बिर्याणीत पडतो तो आलुबुखार मात्र खरा भावकीतला.

~~~

बबन_बव्हेरियावाला

इथे म्युनिकात ऑगस्ट संपत आला की बाजारात चार पाट्या लागतात : त्स्वेचगं, प्फ्लाउमं, मिराबेलं, रेनेक्लोडं. आणि जर्मन आजीबाईंना त्यातली एक दुसरीच्या जागी चालत नाही. त्स्वेचगं लांबट, दोन्ही टोकांना निमुळते, गर्द निळे, कोय सुटी निघते. भाजताना पाणी सोडत नाहीत, म्हणून केकवर तेच. प्फ्लाउमं गोल, रसाळ, भाजले की केक भिजवून टाकतात. मिराबेलं तर आवळ्याएवढे पिवळे. माझा प्रश्न, या चार जाती आहेत की चार वाण?

~~~

माळरान

बबनराव, चारही ४८ वाले. आपसात संकर होतो, पिल्लं सुपीक निघतात. म्हणून बहुतेक जण त्यांना डोमेस्टिकाच्या उपजाती मानतात : त्स्वेचगं म्हणजे खास डोमेस्टिका, रेनेक्लोडं म्हणजे इटालिका, मिराबेलं म्हणजे सिरियाका, आणि डॅम्सन व त्याचा रानवट भाऊ बुलेस म्हणजे इन्सिटिटिया. तुमचे गोल प्फ्लाउमं यातल्या कुठल्याच खणात नीट बसत नाहीत, कारण ते बहुधा दोन-तीन उपजातींच्या सरमिसळीतून आलेले असतात.

लिनेयसने मात्र इन्सिटिटिया वेगळी जात धरली होती, आणि अजूनही काही वनस्पतीकोशांत ती वेगळीच सापडते. मला ते पटत नाही. डॅम्सनची कोय फुगीर, कोवळी डहाळी लवदार, फळ लहान आणि तुरट, हे सगळं खरं. पण डॅम्सन आणि त्स्वेचगं यांच्यामधली प्रत्येक पायरी युरोपातल्या परसबागांत उभी आहे. कुठे रेघ मारणार?

रेनेक्लोडं म्हणजेच इंग्रजांचा ग्रीनगेज, सोळाव्या शतकातल्या फ्रान्सच्या क्लोद राणीच्या नावाचा. पिकला तरी हिरवाच राहतो, त्यामुळे परदेशात नव्याने गेलेले आपले लोक कच्चा समजून सोडून देतात. सोडू नका. माझ्या मते प्लममध्ये त्याच्या तोडीचं चवीला काही नाही.

~~~

तर्कटराव

सगळं ठीक, पण हा उद्योग कशासाठी? ज्यांचा संकर होऊन सुपीक संतती निघते ते एका जातीचे, हे आम्ही शाळेत शिकलो. तो नियम लावा आणि मोकळे व्हा. उपजाती, विभाग, उपप्रजाती हे सगळं प्राध्यापकांच्या पोटापाण्याचं आहे.

~~~

गुणसूत्रवाला

तर्कटराव, तोच नियम लावला तर प्लम आणि जरदाळू एक जात करावी लागेल. चालेल? दोघांची १६. चेरी प्लम आणि जरदाळू यांचा संकर मध्य आशिया, इराण, कॉकेशसकडे आपोआप झालेला आहे आणि लोक शेकडो वर्षं तो लावतायत. काळपट जांभळी, बारीक लव असलेली साल, आत जरदाळूसारखा गर. त्याचं नाव प्रूनस × डासिकार्पा. मधली फुली संकराची खूण. लग्न जमलं म्हणून दोन आडनावं एक होत नाहीत. वनस्पतींत, आणि त्यातही प्रूनसमध्ये, शाळेतला नियम पहिल्याच वळणावर गळपटतो.

आता ब्लॅकथॉर्नच्या प्रकरणाबद्दल, कारण माळराननी ते अर्धवट सोडलंय. रिबिनने इतकंच दाखवलं, की असं होऊ शकतं. असंच झालं, हे त्यातून सिद्ध होत नाही. इस्रायलच्या डॅनियल झोहारींनी १९९२ मध्ये नेमका हाच आक्षेप घेतला. ४८ वाला प्लम एकट्या चेरी प्लमच्या संचवाढीतून आला असावा, ब्लॅकथॉर्नची गरजच नाही, अशी त्यांची बाजू. त्यांच्या म्हणण्यात वजन होतं, कारण युरोपियन प्लममध्ये ब्लॅकथॉर्नचा तुरटपणा, काटे, फळाचा बारका आकार हे सगळं इतकं पुसलेलं आहे की नुसतं बघून बापाचं नाव सांगता येत नाही.

२०१९ मध्ये जनुकसंचाच्या पातळीवरचा अभ्यास आला. त्याचा कौल असा, की चेरी प्लम आणि ब्लॅकथॉर्न दोघंही आहेत. पण ३२ वाला ब्लॅकथॉर्न स्वतःच संकर दिसतो : त्याचा अर्धा भाग चेरी प्लमच्या बाजूचा आणि उरलेला कुठल्यातरी युरेशियन प्लमचा, ज्याची ओळख अजून पटलेली नाही. म्हणजे युरोपियन प्लममध्ये चेरी प्लम दोन वाटांनी शिरलाय, एकदा थेट आणि एकदा ब्लॅकथॉर्नच्या मार्फत. झोहारींना चेरी प्लमच सगळीकडे दिसत होता, त्याचं कारण हेच असावं असं मला वाटतं.

~~~

तर्कटराव

बरं. मुद्दा घेतला. प्राध्यापकांचं पोट चालू द्या.

~~~

केंटची_काकू

आमच्या गावाबाहेरच्या पायवाटेवर दोन्ही बाजूंना काटेरी कुंपण आहे. सप्टेंबरात सगळे पिशव्या घेऊन स्लो वेचायला निघतात, जिनमध्ये घालायला. त्यात निम्म्या लोकांच्या पिशवीत बुलेस असतात आणि काहींच्या पिशवीत धड ना हे ना ते. गुणसूत्रं मोजायला माझ्याकडे काही नाही. नुसत्या डोळ्यांनी कसं ओळखायचं ते सांगा.

~~~

माळरान

काकू, फळापेक्षा वसंतात बघा, ते सोपं जातं. सगळ्यात आधी, फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलतो तो चेरी प्लम. त्याच्या कोवळ्या डहाळ्या हिरव्या आणि गुळगुळीत, फुलांबरोबर पानंही डोकावतात. मग ब्लॅकथॉर्न : काळपट फांद्या, सणसणीत काटे, आणि पान फुटायच्या आधीच अख्खं झुडूप पांढरं. बुलेस आणि डॅम्सन त्यांच्या आगेमागे, फुलं थोडी मोठी, पानांसोबत, डहाळी हाताला मखमली लागते, काटे कमी किंवा नाहीतच.

फळावर यायचं तर स्लो हरभऱ्याहून थोडं मोठं, जेमतेम सेंटिमीटरभर, उभं धरलेलं, आणि चावलं की तोंडाचा पार कागद होतो. बुलेस त्याहून मोठं आणि देठावर लोंबतं.

'धड ना हे ना ते' हे तुम्ही अगदी नेमकं लिहिलंय, तीही एक नाव असलेली गोष्ट आहे. ब्लॅकथॉर्न आणि बुलेस किंवा प्लम यांचा कुंपणातच संकर होतो, त्याला प्रूनस × फ्रुटिकान्स म्हणतात. ३२ चा अर्धा १६, ४८ चा अर्धा २४, बेरीज ४०. पाच संच. मुळांतून फुटवे काढत पसरतो, त्यामुळे बी नीट धरलं नाही तरी त्याचं काही अडत नाही. जिनला सगळेच चालतात.

~~~

आळशी_माळी

कॅलिफोर्नियातून +१. माझ्या दृष्टीने या धाग्यात सगळ्यात मोठा माणूस अजून आलेलाच नाही : ल्यूथर बरबँक. सांता रोझा हे त्याच्या गावाचं नाव. १८८५ मध्ये त्याने जपानहून प्लमची रोपं मागवली आणि पुढची चाळीस वर्षं जे हाती लागेल त्याचं लग्न लावत सुटला. त्याने एकट्याने ११३ प्लम आणि प्रून बाजारात आणले असं इथल्या नोंदींत मिळतं. १९०६ चा सांता रोझा त्यातला सगळ्यात गाजलेला. त्यात सालिसिना आहे, चीनचा सिमोनी आहे, आणि अमेरिकेचा रानटी प्लमही आहे. त्यामुळे 'जपानी प्लम' म्हणून जे विकतात त्यातलं फारच थोडं शुद्ध सालिसिना असतं.

प्लम आणि जरदाळू यांच्या पहिल्या पिढीच्या संकराला प्लमकॉट हे नावही बरबँकच्या काळातलं. पुढे मोडेस्टोच्या फ्लॉइड झायगरने ते प्लमशी पुन्हा जोडत जोडत प्लूओट काढला. त्यात प्लमचा वाटा जास्त. जरदाळूचा वाटा जास्त ठेवला तो एप्रियम. दोन्ही नोंदणी केलेली व्यापारी नावं आहेत, वनस्पतिशास्त्रातली नाहीत. फळवाले पाटीवर 'पाऊण प्लम, पाव जरदाळू' असं छातीठोक लिहितात, पण पिढ्यानपिढ्या उलटसुलट संकर झालेल्या झाडात ते प्रमाण इतकं गोळीबंद राहत नाही. चव मात्र अफाट.

~~~

गुणसूत्रवाला

आळशी_माळी, बरबँक नशीबवान होता, कारण त्याने योगायोगाने १६ वाल्यांची खाण धरली. सालिसिना, सिमोनी, चेरी प्लम, अमेरिकेचे अमेरिकाना आणि चिकासॉ प्लम, जरदाळू, सगळे १६. आशिया आणि अमेरिका यांच्यामध्ये महासागर पडून लाखो वर्षं झाली तरी परागाला ते कळलेलं नाही. साउथ डकोटाच्या निल्स हॅन्सननेही हेच केलं : उणे तीस अंशांत तगणारे तिथले रानटी प्लम आणि मोठ्या फळाचे जपानी प्लम यांची गाठ घातली. तोच प्रयोग युरोपियन ४८ वाल्याशी करायला गेलं तर २४ अधिक ८, म्हणजे ३२ चं रोप, तेही क्वचित मिळणार आणि बहुधा फळायला नाखूश.

हॅन्सनचं अजून एक झाड बागांत दिसतं, जांभळ्या पानांचं खुजं प्रूनस × सिस्टेना. एक पालक जांभळा चेरी प्लम, दुसरा सँड चेरी. इथे तर्कटरावांनी विचारायला हवं, की चेरीशी कसं जमलं?

~~~

तर्कटराव

विचारतो. चेरीशी कसं जमलं?

~~~

गुणसूत्रवाला

कारण सँड चेरी ही चेरीच नाही. फळ लहान, गोल, चेरीसारखं म्हणून लोकांनी आणि जुन्या वर्गीकरणकारांनीही तिला चेरीत बसवलं. तिच्या बेचक्यात तीन डोळे असतात, चेरीत आणि प्लममध्ये एकच. डीएनएने तिला आणि नानकिंग चेरीला प्लमच्याच बाजूला आणून बसवलंय. माळ्यांना हे आधीच माहीत होतं, कारण या दोघींच्या खुंटावर प्लमचं आणि पीचचं कलम धरतं. खऱ्या गोड चेरीचं कलम प्लमच्या खुंटावर बांधून बघा, एक-दोन वर्षांत सांध्यातून मोडतं. वर्गीकरण बरोबर आहे का हे तपासायला सुरी आणि कलमपट्टीसुद्धा पुरते.

~~~

कुल्लूकर_वहिनी

मिस्टरांच्या नोकरीमुळे आम्ही काही वर्षं कुल्लूला होतो, म्हणून थोडी भर. तिथे बहुतेक सांता रोझाच. एकट्यानेही थोडंफार फळतं, पण बागवान मध्ये दुसऱ्या वाणाची झाडं ठेवतातच. पंजाबात सखल भागात सतलज पर्पल लावतात, तोही सालिसिनाच. तो स्वतःच्या परागावर फळत नाही म्हणून शेजारी काला अमृतसरी लागतो. युरोपियन प्लम शेजारी लावून उपयोग नाही, हे आत्ता गुणसूत्रांवरून कळलं. तिथले लोक कारण सांगत नव्हते, नुसतं "उससे नहीं होता" म्हणायचे.

~~~

चिंचपेटी

वहिनी, मग नाशकात गच्चीवर ड्रममध्ये लावून बघू का? थंडी पडते की आमच्याकडे.

~~~

कुल्लूकर_वहिनी

पानं येतील गं, फळाचं सांगत नाही. सांता रोझाला हिवाळ्यात सात अंशांखालचे काहीशे तास लागतात. सतलज पर्पलला कमी लागतात, हौसच असेल तर तो आणि काला अमृतसरी जोडीने आण. म्हणजे दोन ड्रम.

~~~

माळरान

आणि चिंचपेटी, महाराष्ट्रात प्रूनस अजिबात नाही असं समजू नका. सह्याद्रीच्या सदाहरित जंगलात प्रूनस सिलॅनिका हा उंच वृक्ष आहे, पूर्वी त्याला पायजियम या वेगळ्या प्रजातीत ठेवायचे. तो लॉरेलच्या बाजूचा, प्लमशी नातं लांबचं. काष्ठौषधीच्या दुकानात पद्मकाष्ठ मिळतं तेही प्रूनसच, हिमालयातली रानचेरी. शिलाँगला नोव्हेंबरात गुलाबी बहर येतो तो तिचाच.

~~~

बबन_बव्हेरियावाला

शेवटची शंका. इथल्या आशियाई दुकानात जपानी उमेबोशी मिळतात, लेबलवर 'खारवलेले प्लम'. हे ४८ वाले की १६ वाले?

~~~

गुणसूत्रवाला

१६ वाले, पण प्लम म्हणायला मी तयार नाही. उमे म्हणजे प्रूनस मुमे, तो जरदाळूच्या विभागात बसतो. सालीवर बारीक लव असते, कोयीवर खड्डे असतात. चिनी चित्रांत बर्फात फुललेला 'प्लम' दिसतो तोही हाच. जपानात त्याचे प्लमशी आणि जरदाळूशी दोघांशीही संकर झालेले आहेत, त्यामुळे मधले नमुने सापडतात.

~~~

तर्कटराव

म्हणजे जपानी प्लम चीनचा, सँड चेरी प्लमकडची, आणि जपानी खारवलेला प्लम म्हणजे जरदाळू. बबनराव, लेबल वाचायचं सोडा, कोय फोडून बघत जा.